आईच्या पाटल्या मोडीत घालू का?

सप्रेम नमस्कार,
मी घणसोलीला राहते, वय ४९. ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, त्याला २२ वर्षं झाली. आई गेल्या श्रावणात गेली. तिच्या लग्नातल्या, म्हणजे १९६५ सालच्या, दोन पाटल्या भावाने आपणहून माझ्या हातात ठेवल्या. वजन ३२ ग्रॅम. आतली कड झिजून गुळगुळीत झाली आहे, वरची नक्षी अजून छान दिसते. एका पाटलीवर आई अडकवायची त्या सेफ्टी पिनांचे ओरखडे आहेत.
माझी मुलगी नुकतीच सीए झाली. तिला काहीतरी अर्थ असलेलं, जन्मभर लक्षात राहील असं द्यायचं आहे. पण ती सोनं घालत नाही. लोकलमध्ये मिळतात ती ऑक्सिडाइज्ड कानातली आणि डाव्या हातात घड्याळ, एवढंच. म्हणून पाटल्या घेऊन एका दुकानात गेले. मशीनवर साठ टक्के आले. तिथला माणूस म्हणाला, "आईला तेव्हा फसवलंय तुमच्या, यात सोनंच कमी आहे. भाव आहे तोवर मोडून टाका आणि मुलीला राशीच्या खड्याचं पेंडंट घ्या." त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. आईने साठ वर्षं ज्या अभिमानाने घातल्या, त्या खोट्याच होत्या का? मोडू का? मुलीला काय देऊ?
ता. क. हे लिहावं की नाही कळत नाही, पण मी माझ्या पगारातून स्वतःसाठी आजवर एकही डाग-दागिना घेतलेला नाही. मोत्यांच्या कुड्या फार दिवस मनात आहेत. या वर्षीचा बोनस तसाच ठेवलाय. मुलीचं झाल्यावर उरले तर बघू.
एक वाचक, घणसोली

ताई,

तुमच्या आईला सोनाराने फसवलं असं म्हणायला त्या साठ टक्क्यांचा काहीही आधार नाही. बाकी सगळं मागाहून, झोप ज्याने उडाली ते आधी.

साल बघा. १९६५. त्याआधी १९६२ चं चीनचं युद्ध झालं होतं, देशाकडे परकीय चलनाची चणचण होती आणि सोनं चोरून आत येत होतं. म्हणून जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. त्या नियमांनी नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायला बंदी घातली. सराफकट्ट्यावर हाहाकार उडाला, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या सोनारांच्या हातांना काम उरलं नाही. ती १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. सोन्यावरचं नियंत्रण मात्र पुढे वेगळ्या कायद्याने १९९० पर्यंत चालूच राहिलं.

आता १४ कॅरेट म्हणजे किती? शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, उरलेलं तांबं, चांदी वगैरे. मशीनवर किती आले? साठ. तुमच्या आजोबांनी त्या साली लेकीसाठी नव्या पाटल्या घडवल्या असतील, तर कायद्याने त्या अशाच व्हायला हव्या होत्या. सोनाराने नियम पाळला, आणि आजोबांनी त्या दिवसांत जे सोनं रीतसर मिळत होतं ते लेकीच्या हातात घातलं. दुकानातल्या माणसाला हे ठाऊक नसेल. त्याचा जन्मही नंतरचा असेल. पण मेलेल्या माणसाच्या डागाबद्दल बोलताना "फसवलं" हा शब्द इतका सहज तोंडातून जाऊ नये, एवढं तरी त्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

नक्षी अजून दिसते असं तुम्ही लिहिलंत, तेही याच्याशी जुळतं. २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं. साठ वर्षं धुणीभांडी, कणीक, पाट्यावरचं वाटण यातून गेलेल्या २२ कॅरेटच्या पाटलीवरची नक्षी बरीच विरली असती. १४ कॅरेट कणखर. आणि आज हेच १४ कॅरेट पुन्हा आनंदाने विकत घेतलं जातंय. हलक्या, रोज घालायच्या दागिन्यांवर "१४के५८५" असा रीतसर शिक्का असतो, आणि तुमच्या लेकीच्या वयाच्या मुली तो बघून घेतात. म्हणजे आईच्या हातात होतं ते आणि नातीच्या पिढीला आवडतं ते, सोनं एकाच जातीचं आहे.

मशीनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानातलं ते यंत्र डागाचा वरचा पातळ थर वाचतं. जिथे डाक देऊन सांधा जोडलेला असेल तिथे आकडा खाली येतो, दुसऱ्या जागी वर जातो. खात्री करायचीच असेल तर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात आपण स्वतः आपला डाग घेऊन जाऊ शकतो, सराफाने मध्ये असायलाच हवं असं नाही. पूर्ण खात्रीसाठी मात्र डागाचं थोडं सोनं काढून ते आगीत तपासावं लागतं. मी तुमच्या जागी असते तर ते करू दिलं नसतं. या पाटल्या विकायच्या नाहीत, तर कशाला खरवडायच्या?

विकायच्या नाहीत हे मी गृहीत धरून बोलते आहे. तुम्ही हिशेबातल्या आहात, म्हणून हिशेबही मांडते. ३२ ग्रॅमच्या पाटल्या, साठ टक्के. म्हणजे शुद्ध सोनं सव्वाएकोणीस ग्रॅमच्या आत-बाहेर. त्याचे २२ कॅरेटचे करायचे तर झाले सुमारे २१ ग्रॅम. दुकानदार घट कापणार ती वेगळी. नव्या डागाची घडणावळ समजा बारा टक्के धरली, तर अडीच ग्रॅम सोन्याइतके पैसे नुसत्या मजुरीचे, आणि वर तीन टक्के जीएसटी. पेंडंटमध्ये खडा असेल तर त्याची किंमत वेगळी लागते, आणि उद्या परत द्यायला गेलात तर खड्याचे पैसे नगण्य येतात किंवा येतच नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदा लाखावर गेला तेव्हापासून "भाव आहे तोवर मोडा" हे वाक्य प्रत्येक काउंटरवर ऐकू येतं. पण जुनं मोडून नवं घेणाऱ्याला चढ्या भावाचा काय फायदा? ज्या भावाने ते तुमचं घेणार, त्याच चढ्या भावाने नवं देणार. भाव चढला की फायदा विकून पैसे घरी नेणाऱ्याचा.

अडचण असती, मुलीच्या फीचे पैसे अडले असते, तर मीच म्हटलं असतं की मोडा, आई वरून आशीर्वादच देईल. बायकांनी डाग जपले ते त्याच दिवसासाठी. तशी काही अडचण तुमच्या पत्रात दिसत नाही.

मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. २००३ साली माझी आई गेल्यावर तिची बोरमाळ मी मोडीत घातली. मलाही असंच वाटलं होतं, जुन्या पद्धतीची माळ कोण घालतं, त्यापेक्षा एक नाजूक सेट होईल. सराफाने माझ्या समोर दोरा कापला. मणी पितळी ताटलीत टपटप पडले. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात, त्यात लाख भरलेली असते. ती काढायला कारागिराने ते आचेवर धरले आणि लाखेचा तो वास आला, देवळात उदबत्ती विझल्यावर येतो तसा काहीसा. एक मणी चेपलेला होता. माझ्या धाकट्या भावाने लहानपणी दाताखाली धरला होता म्हणे. आई माळ घालताना तो मणी बोटाने चाचपून मानेच्या मागे सरकवायची, रोज, न बघता. ताटलीत मी तो मणी बघितला. "एवढा एक राहू द्या" असं म्हणायला दोन सेकंद पुरले असते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण मला वाटलं एका मण्याने वजन कमी भरेल. सेट झाला. सुंदर आहे. बावीस वर्षांत तीन लग्नांना घातला. आणि अजूनही कुणी बाई मान किंचित वाकवून माळ बांधताना दिसली, की माझं लक्ष तिच्या बोटांकडे जातं.

तुमच्या पाटलीवर सेफ्टी पिनांचे ओरखडे आहेत. ते उजळायला देऊ नका. नवीन झळाळी देताना वरचा थर थोडा घासला जातो आणि ओरखडे त्याच्याबरोबर जातात. मळ काढायचा असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवून हलक्या हाताने घासा, लगेच कोरडं करा. पाटल्या आतून पोकळ असून लाख भरलेली असेल तर भिजत अजिबात घालू नका. आणि टूथपेस्ट नको, कुणी कितीही सांगितलं तरी.

आता मुलगी. ती सोनं घालत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण मला वाटतं ती सेट घालत नाही. पूर्ण नटणं तिला नको असेल. एकच पाटली, उजव्या हातात, साध्या सुती कुर्त्यावर कड्यासारखी, तिने कधी घालून बघितली आहे का? जोडीतली एक तिची आणि एक तुमची. मुद्दाम विचारा. आजकालच्या मुली एकच कडं घालतात आणि ते शोभतंही. आजीच्या हाताचं माप तिला होणार नाही कदाचित. पूर्वीच्या बायकांचे हात सव्वादोनचे, आताच्या मुलींना अडीच लागतं. त्यासाठी पाटली मोडावी लागत नाही. चांगला कारागीर ती एका जागी कापून फिरकी बसवून देतो, किंवा तेवढ्याच कसाचा तुकडा घालून माप वाढवून देतो. तेवढ्याच कसाचा, हे त्याला आधी बजावा. आणि काम शक्यतो समोर बसून करून घ्या.

पाटली ऑफिसला रोज घालता येणार नाही, लॅपटॉपवर आपटेल. चालेल. ती सणाला, महत्त्वाच्या दिवशी घालेल. तिचा रोजचा डाग वेगळा असू दे, आणि तो तिने निवडू दे.

इथे माझं स्पष्ट मत सांगते: दागिन्यात सरप्राइज नको. केक गुपचूप आणावा. जे कानात, गळ्यात, बोटात जाणार ते ज्याच्या अंगावर जाणार त्याने आरशात बघून घ्यावं. तुम्ही तिचं रोजचं रूप पत्रात एका ओळीत लिहिलंत, ऑक्सिडाइज्ड कानातली आणि घड्याळ. म्हणजे तिला चांदीचा रंग आवडतो. मग चांदीच द्या, त्यात कमीपणा काय आहे? ९२५ ची चांदी घ्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. चांदीतही ठुशी मिळते, बुगड्या मिळतात, वेल मिळतात. कोल्हापूरजवळच्या हुपरीसारखं अख्खं गाव चांदीच्या कामावर जगतं. चांदीची ठुशी आणि हँडलूमचा कुर्ता, सीए मॅडम क्लायंटकडे जाताना रुबाबदार दिसतील. आणि ट्रेनमधली कानातली घालून तिचे कान कधी खाजतात का, चिघळतात का, तेही विचारा. स्वस्त धातूत निकेल असतं, ते पुष्कळांना सोसत नाही. तसं होत असेल तर खऱ्या चांदीची किंवा १४ कॅरेटची छोटी, फिरकीची कानातली हीच तिला रोज आठवण राहील अशी भेट.

चांदी काळी पडली म्हणून घाबरू नका. आपल्याकडची दमट हवा आणि घाम, चांदी काळवंडणारच. हवेतल्या गंधकाने तसं होतं, खोटी असल्यामुळे नाही. मऊ कापडाने पुसली की उजळते. ऑक्सिडाइज्ड कामाला मात्र मुद्दामच काळेपणा दिलेला असतो, तो घासून काढू नये.

राशीच्या खड्याबद्दल. मुलीचा त्यावर विश्वास असेल तर जरूर घ्या, श्रद्धेने घातलेला खडा माणसाला बळ देतो. विश्वास नसेल तर तो अर्थ दुकानाच्या कॅटलॉगमधला झाला, तिचा नाही. नावाचं अक्षर, अनंताचं चिन्ह, हृदय, सगळ्यांना तेच विकलं जातं. हिऱ्याचा विचार मनात आलाच तर प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही खरे हिरेच असतात, पुष्कळ स्वस्त पडतात. फक्त पुढे परत विकून पैसे येतील असं धरून घेऊ नका.

तिला पाटली द्याल तेव्हा एक काम करा. सराफ डाग गुंडाळून देतात तो गुलाबी कागद असतो ना, त्याच्या आत एक चिठ्ठी ठेवा, तुमच्या हस्ताक्षरात. घडवलं १९६५ साली. कुणी, कुणासाठी. वजन. १४ कॅरेट, आणि का १४ कॅरेट. पिनांचे ओरखडे कुणाचे. आजीचं नाव, तिचं माहेरचं गाव. म्हणजे आणखी तीस-चाळीस वर्षांनी तुमची लेक एखाद्या काउंटरवर उभी असेल आणि समोरचा कुणी म्हणेल "फसवलंय", तेव्हा ती शांतपणे ती चिठ्ठी काढेल. माझ्या आईच्या डब्यात अशा चिठ्ठ्या असत्या तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं. तिने सगळं तोंडी सांगितलं होतं, आणि मी तेव्हा अर्धवट ऐकलं.

नवीन घ्याल त्याचं बिल नीट बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या डागावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही. शिक्क्यात तीन गोष्टी दिसतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि हा नंबर. दुकानात भिंग मागा, संकोच करू नका. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो नंबर घातला की डाग कुठला, किती शुद्ध हे तिथेच उभ्या उभ्या कळतं. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या डागांना हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा छोट्या कानातल्यांवर शिक्का नसेल तर लगेच संशय घेऊ नका, पण बिलावर शुद्धता लिहून घ्या. सोन्याचं निव्वळ वजन, खडे-मोत्यांचं वजन, घडणावळ, हॉलमार्कचं शुल्क, सगळं सुटं सुटं हवं. हॉलमार्कचा डाग कमी शुद्धतेचा निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आईच्या पाटल्यांवर हॉलमार्क नाही म्हणून त्या बेकायदा ठरत नाहीत, घरातलं जुनं सोनं कुणीही ठेवू शकतं आणि विकूही शकतं.

आता तुमच्या ताज्या कलमाकडे येते. खरं सांगू, तुमचं पत्र मला तिथे सुरू झाल्यासारखं वाटलं.

बावीस वर्षं पगार. त्यातून हप्ते गेले असतील, फी गेली असेल, सासर-माहेरचे कार्यक्रम, दुखणीखुपणी. सगळ्या नोंदी तुमच्या हातच्या. आणि स्वतःच्या नावावर काय, तर "उरले तर बघू". ताई, बावीस वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवलेत. उरलेल्या पैशांतून कुठला खर्च आजवर झालेला बघितलात? जो खर्च करायचा असतो त्याची तरतूद आधी करतात. कुड्या आधी घ्या. मुलीची भेट नंतर. मुलगी आता सीए आहे, चार महिन्यांत ती तुमच्यापेक्षा जास्त कमवेल, तिचं काही अडणार नाही.

तुमच्या मनात येईल की आई गेली त्या वर्षात मी दागिने कसे घेऊ. वर्ष सरू द्यायचं असेल तर सरू द्या, तुमच्या घरची रीत असेल ती पाळा. पण बोनसचा लखोटा दुसऱ्या कुठल्या कामाला फोडू नका.

कुड्यांची तुमची निवड मला फार आवडली. मोत्यांचं फुल, मध्ये लाल खडा, साडीवरही जातात, कुर्त्यावरही. बघताना हलक्या घ्या. आपल्या वयाला कानाच्या पाळ्या सैल पडतात, वजनाने भोक ओघळतं. मागची चकती रुंद असेल तर कुडी पुढे झुकत नाही. फिरकी दोन-तीनदा फिरवून बघा, आटे घट्ट हवेत. मोती खरे असले तरी आज बाजारात असतात ते जवळजवळ सगळे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले. त्यात वाईट काही नाही. बसरा मोती, म्हणजे आखातातले दुर्मीळ नैसर्गिक मोती, म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर मात्र पुढच्या दुकानात जा. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले की खऱ्या मोत्याला बारीक खरखर लागते, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा सुळसुळीत जातो. दुकानदाराच्या परवानगीने करा, चांगला सराफ स्वतःच करून दाखवतो. मोती तारेत ओवून बसवलेले असतात, म्हणून एक प्रश्न जरूर विचारा: एखादा मोती निघाला तर बसवून द्याल का? जो "हो" म्हणतो, आणि कारागीर मागेच बसतो असं सांगतो, त्याच्याकडून घ्या.

मोत्याला घाम, अत्तर, पावडर, लिंबू काहीच सोसत नाही. सगळं आवरून झालं की शेवटी कुड्या घालायच्या, घरी आलं की आधी काढायच्या, मऊ सुती कापडाने पुसायच्या. बस्स, एवढंच. लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकरसाठी कुणी कुड्या घेत नाही. ट्रेनची भीती मला कळते, गळ्यातलं ओढून नेतात, पण फिरकीच्या कुड्यांना तसा धोका नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या बायका आठवा, मासळीच्या पाटीपाशी बसलेल्या असताना कानात, गळ्यात, हातात सोनं. पाण्याचे थेंब आणि खवले उडतात त्यावर. त्यांना कुणी विचारत नाही की एवढं कशाला रोज.

बिल तुमच्या नावाने करा, तुमच्या खात्यातून पैसे द्या. आईकडून आलेल्या पाटल्या आणि तुमच्या पैशाने घेतलेल्या कुड्या, कायद्याने दोन्ही तुमच्या एकटीच्या आहेत. पुढे कुणाला द्यायच्या हेही तुम्हीच ठरवायचं.

आणि ही खरेदी एकटीने करा. मुलीला नको, नवऱ्याला नको, मैत्रीण नको. ते सगळे प्रेमाने येतील आणि प्रेमानेच म्हणतील "ह्यापेक्षा जरा मोठ्या घे" किंवा "ह्यापेक्षा टॉप्स घे". आठवड्यातल्या एखाद्या दिवशी अर्धी रजा टाका. सकाळी अकराला गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या दुकानांत गर्दी नसते, माणसं निवांत दाखवतात. दोन-तीन ठिकाणी बघा. मन ठरत नसेल तर तलावपाळीला जाऊन चहा घ्या, मासुंदा तलावाच्या पाण्याकडे बघत बसा, आणि ज्या कुड्या तिथेही डोळ्यांसमोर राहतील त्यांच्याकडे परत जा.

घेतल्यावर डबीत घालून आणू नका. दुकानातच आरशासमोर कानात घाला. कानातली जुनी टॉप्स त्या गुलाबी कागदात बांधून पर्समध्ये टाका, आणि घणसोलीची गाडी पकडा. निघण्याआधी फिरक्या दोन्हीकडे घट्ट बसल्या आहेत ना, तेवढं बघून घ्या.